तारेच्या टोकाची टोपी

माणसाला लाज नेमकी कोणाची वाटते? ज्याला तो लपवतो त्याची, की ज्यांच्यापासून लपवतो त्यांची? सेवादास आडे यांच्या आयुष्यातील एका हंगामाची हकीकत त्यांच्याच तोंडून निरनिराळ्या वेळी ऐकूनही प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. तेव्हा उत्तराचा नाद सोडून हकीकतच सांगणे बरे.

मारेगावपासून सायकलीच्या टप्प्यावर असलेल्या एका तांड्यात सेवादास वाढला. त्याच्या पणज्याच्या काळापर्यंत ही माणसे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालीत. पुढे लदेणी सुटली, बैल वखराला लागले आणि तांडा माळाच्या कडेला स्थिरावला. वेचणीच्या दिवसांत सेवादासची आई उजाडायच्या आत शेत गाठी, आणि पोर राही ते शेजारच्या घरात, काकीपाशी. ही काकी म्हणजे धुरपताबाई, सख्ख्या चुलत्याची, फुलसिंगची, बायको. तिला मूलबाळ नव्हते. सेवादास सकाळी एका घरी आणि दुपारी दुसऱ्या घरी जेवी, म्हणून तांड्यातले लोक त्याला ‘दोन दावणींचं वासरू’ म्हणत. शाळेचा ओढा पावसात भरला की काकी त्याला कडेवर घेऊन पलीकडे सोडी. तिच्या फेटियाचा, म्हणजे आरसे जडवलेल्या घेरदार घागऱ्याचा, काठ भिजून जड होई आणि ती ओढ्याला शिव्या देई.

यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करून सेवादास परत आला, तेव्हा गावाकडे त्या शिक्षणाला रेडिओ-दुरुस्तीपलीकडे गिऱ्हाईक नव्हते. कापसाचे दिवस वाईट होते. वेचणीला बाया लावाव्यात एवढी बोंडेच काही रानांत उरत नसत. धुरपताबाई त्यामुळेच मारेगावच्या वेशीबाहेरच्या एका सहकारी कापूस-खरेदी आवारात झाडलोटीला जाऊ लागली होती. २००२ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती सेवादासच्या दारात येऊन उभी राहिली.

“अरे सेवा, तिथं टीव्हीसारखे डबे आणून ठेवलेत. खोक्यातच हायेत. हिशेबवाली शुभदाबाई म्हणे, जोडणारा माणूसच भेटून नाही राह्यला. तू जा ना.”

“असं कसं जाऊ काकी? त्यायनं बोलावलं पाह्यजे.”

“बोलवाले तू जावई हायेस काय त्यायचा?”

दुसऱ्या दिवशी तो गेला. आवाराचे व्यवस्थापक नीळकंठराव पाठक हे तीन पिढ्या कचेरीत घालवलेल्या घरातले गृहस्थ होते. आजोबा तहसिलीत, वडील न्यायालयात, स्वतः सहकारात. बोलणे नीटनेटके, शर्ट त्याहून नीटनेटका. त्यांनी पदविका पाहिली, मान डोलावली आणि सहज विचारले, “आमच्याकडे काम आहे हे तुम्हाला कळलं कुठून?”

“पेपरात वाचलं, साहेब.”

अशी कोणतीही जाहिरात कधी आली नव्हती. नीळकंठरावांना वाटले, संचालकांपैकी कोणी परस्पर दिली असेल. तेवढ्यात व्हरांड्यात चांदीच्या घुगऱ्यांचा आवाज झाला आणि केरसुणीच्या मागून धुरपताबाई दिसली. केसांत टोपली नावाचा चांदीचा दागिना, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पाठीवर ओढणी. “ही आमची धुरपताबाई,” नीळकंठराव म्हणाले. “तुमच्याच समाजाची. ओळखता का?”

“नाही, साहेब. तांडे गंज हायेत इकडं, कितीक ओळखू?”

केरसुणी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून धुरपताबाई त्याला ‘आडेसाहेब’ म्हणू लागली.

हे तो का बोलला, याचा हिशेब त्याने तेव्हा मांडला नाही. तांड्यात मात्र त्याची थट्टा झाली. दुसऱ्या संध्याकाळी भाकरीचे ताट पुढे सरकवताना काकी म्हणाली, “काय आडेसाहेब, गरिबाघरची भाकर चालते काय?” फुलसिंग खदखदून हसला, सेवादासही हसला. हा आपल्या दोघांमधला एक खेळ आहे आणि काकीला त्यात मजा येते, अशी त्याने मनाची समजूत घातली. आवारात ती चहाचा पेला टेबलावर ठेवी, “घ्या साहेब” म्हणे, आणि डोळ्यांत हसू ठेवून निघून जाई. निदान त्याला ते हसू वाटे.

पावसाळाभर सेवादासने तार टाकली. मोठ्या शहरांत तेव्हा प्रत्येक संगणकातून स्वतंत्र तार काढून ती मधल्या एका पेटीत, हबमध्ये, आणून जोडण्याची पद्धत रुळली होती. मारेगावला आलेली यंत्रे मात्र नागपूरहून घेतलेली, वापरलेली आणि आधीच्या पिढीची होती. त्यांच्या पाठीला गोल धातूचे तोंड होते, आणि ती सगळी एकाच काळ्या, करंगळीहून बारीक तारेवर ओवायची होती. काटाघरातून निघालेली ती तार व्हरांड्याच्या तुळईवरून हिशेबाच्या खोलीत शिरली, तिथून व्यवस्थापकांच्या खोलीत आणि शेवटी प्रतवारीच्या खोलीत जाऊन संपली. प्रत्येक यंत्रापाशी तार कापून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक जोड बसवलेला. त्याचे दोन हात तारेला, तिसरा यंत्राला. दाबून पाव फेरा फिरवला की जोड घट्ट बसे. काट्यावर वजन नोंदवले की ते चिठ्ठीविना शुभदाताईंच्या पडद्यावर उमटावे, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. शुभदाताई हिशेब पाहत. त्यांनी तारेला नाव ठेवले होते ‘वाळवण्याची दोरी’.

तारेच्या दोन्ही टोकांना, काटाघरात आणि प्रतवारीच्या खोलीत, सेवादासने एकेक चकचकीत टोपण लावले. पुस्तकात त्याला टर्मिनेटर म्हणतात; आवारात सगळे ‘टोपी’ म्हणू लागले. नीळकंठरावांना ते कोडे वाटले. “तार तर इथं संपली,” ते म्हणाले. “मग संपलेल्या तारेला झाकण कशाला?”

सेवादास त्यांना मोकळ्या गोदामात घेऊन गेला. शुभदाताई कुतूहलाने मागोमाग आल्या.

“साहेब, एक आवाज द्या.”

“काय आवाज देऊ?”

“काहीही. तुमचं नाव घ्या.”

शुभदाताईंनी पदर तोंडाला लावला. नीळकंठरावांनी इकडेतिकडे पाहिले, घसा खाकरला आणि “नीळकंठ!” असे ओरडले. पत्र्याखालच्या भिंतींनी ते नाव परत पाठवले, एकदा, मग आणखी एकदा, मंद होत.

“आता जानेवारीत इथं गाठी छतापर्यंत लागतीन. तवा ओरडा.”

“तेव्हा कुठलं येणार? कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो.”

“तेच करते टोपी. तारेच्या टोकाले ती कापूस हाय. यंत्र बोलते ते तारेतून दोन्ही बाजूंनं जाते. टोक उघडं असलं की बोलणं तिथं आपटून वापस येते अन् मागून येणाऱ्या बोलण्यावर आदळते. मंग कोणालेच कोणाचं ऐकू येत नाही. एक टोक उघडं, तर चारी यंत्रं मुकी.”

नीळकंठरावांना हे इतके आवडले की आवारात येणाऱ्या प्रत्येकाला ते गोदामात नेऊन स्वतःच्या नावाने ओरडायला लावू लागले. सेवादासला ‘अहो आडे’ ऐवजी ‘आमचे आडे’ म्हणू लागले. संचालकांना त्यांनी कळवले की यंदाच्या खरेदीचा मुहूर्त तारेवर होईल. हे ऐकून सेवादासने मुहूर्तासाठी एक निळा शर्ट शिवायला टाकला आणि गावात भाड्याने खोली घेतली. कारण सांगायला सोपे होते, सायकलीची दगदग. खरे कारण हे की सकाळी काकी आणि तो एकाच रस्त्याने येत असत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, आवारात अवजारांची पूजा असे. काट्याची वजने, पाने, हातोडे, मोहरेचे शिक्के हे सारे पुसून पाटावर मांडले जाई, झेंडूची फुले वाहिली जात. यंत्रे पाटावर ठेवता येईनात, म्हणून शुभदाताईंनी त्यांना जागच्या जागी कुंकू लावले. सेवादासला मात्र ते अपुरे वाटले. त्याच्या घरी अवजार जोडलेल्या स्थितीत पूजेला बसत नसे. गाडीची खीळ काढायची, वखराची पास, म्हणजे पाते, सोडायची, जू उतरवायचे, प्रत्येक वस्तू सुटी करून धुवायची आणि देवीपुढे मांडायची. दिवस मावळेपर्यंत पुन्हा जोडायची नाही, कारण एवढाच काय तो अवजाराचा वर्षाचा विसावा. बापाने हे केले होते, त्याच्या बापानेही. तार सोडवून आणणे शक्य नव्हते. मग सेवादासने तिची दोन्ही टोके सोडवली. दोन टोप्या काढून, मऊ फडक्याने पुसून त्याने आपल्या पकडीशेजारी पाटाच्या कोपऱ्यात झेंडूखाली ठेवल्या. कोणाला सांगितले नाही. तांड्याची रीत इथे कशी सांगायची?

दिवस मावळल्यावर त्याने टोप्या उचलल्या. एक काटाघरात जाऊन बसवली. दुसरी बसवायला गेला तर प्रतवारीच्या खोलीला कुलूप होते. काट्यावरचा शाम, ज्याच्याकडे त्या खोलीची किल्ली असे, सणासाठी घरी निघून गेला होता. मुहूर्ताच्या सकाळी लावू, असे म्हणून सेवादासने टोपी पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकली. दसऱ्याला लोकांनी दिलेले आपट्याचे सोने त्याच खिशात गेले, गळाभेटी झाल्या. शर्ट खोलीतल्या खुंटीवर गेला. टोपी मनातून गेली.

मुहूर्ताच्या दिवशी आवाराबाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्या वर्षी पिकाने दगा दिला होता, तरी पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस मुहूर्ताला आणण्याची हौस लोकांनी सोडली नव्हती. बैलांच्या शिंगांना दसऱ्याचे रंग होते. सेवादासच्या तांड्यातल्याही काही गाड्या होत्या. संचालक आले, नारळ फुटला, पहिली गाडी काट्यावर चढली. शामने वजन नोंदवले. हिशेबाच्या खोलीत सगळे पडद्याकडे पाहत उभे राहिले. पडदा कोराच राहिला.

“शाम, दाबलं का बटन?” शुभदाताईंनी खिडकीतून विचारले.

“अहो दाबलं ना! आता काय बोट तोडू?”

नीळकंठरावांच्या खोलीतले यंत्र मुके, प्रतवारीच्या खोलीतलेही मुके. एक संचालक मोठ्याने म्हणाले, “पाठकसाहेब, तुमच्या दोरीवर कपडेच वाळवा.” माणसे हसली. सेवादास तारेच्या मागोमाग धावत सुटला. प्रत्येक जोड दाबत, फिरवत तो प्रतवारीच्या खोलीत पोहोचला आणि तिथे टोक उघडे दिसले. त्या क्षणी त्याला खरोखरच काही आठवले नाही. त्याला वाटले, टोपी इथे असायला हवी होती आणि ती कोणीतरी काढली.

“टोपी नाही,” तो म्हणाला.

“कापसाची टोपी? ती?” नीळकंठरावांचा चेहरा उतरला. “कोणी काढली?”

“सकाळी इथं झाडलोट झाली असन ना…”

एवढेच. वाक्य पुरेही केले नव्हते. ते इतरांनी पुरे केले. संचालक म्हणाले, “कोण बाई आहे? बोलवा तिला.”

धुरपताबाई केरसुणीसकट आली. प्रश्न समजल्यावर ती म्हणाली, “म्या नाही हात लावला, साहेब. म्या जमीन झाडते. भिंती नाही झाडत.”

“चमकणारी वस्तू दिसली की…” संचालकांनी हात हवेत फिरवला आणि वाक्य तसेच सोडले. त्या सोडलेल्या वाक्याचा अर्थ तांड्यातल्या प्रत्येक माणसाला बाळपणापासून ठाऊक असतो. शाम म्हणाला, “झग्याचे आरसे मोजा तिच्या, एखादा जास्तीचा भेटन.” खोली हसली. दारात जमलेले गाडीवाले हसले. त्यांत तिच्या तांड्याचे होते ते हसले नाहीत. खाली पाहू लागले.

धुरपताबाई सेवादासकडे वळली. “आडेसाहेब, तुमी सांगा ना. तुमाले तर मालूम हाय म्या कशी हाय.”

हे ऐकून सेवादासच्या अंगावर काटा आला तो तिच्यासाठी नव्हे. आता कोणीतरी विचारील, ‘तुम्हाला कसं मालूम?’ या भीतीने तो घाईघाईने बोलला.

“शोधा ना बाई. कचऱ्यात असन.”

तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि ती मागच्या उकिरड्याकडे गेली. सकाळचा केर तिथे पडला होता. रुईचे पुंजके, सरकी, माती. ओणवी होऊन ती ओंजळीने केर उचली, बोटांतून गाळी, बाजूला टाकी. गाड्यांच्या रांगेतून ती सगळ्यांना दिसत होती. सेवादास दारातून पाहत राहिला. तिच्या ओंजळीतून पूजेचे वाळके झेंडू पडले. झेंडू पाहिले आणि त्याला पाट आठवला, कोपरा आठवला, शामचे कुलूप आठवले, खुंटीवरचा पांढरा शर्ट आठवला.

त्या वेळी सांगता आले असते. नीळकंठराव हाताच्या अंतरावर उभे होते. ‘साहेब, टोपी माझ्याच खोलीवर राहिली’ इतके बोलून थोडी नाचक्की झाली असती आणि विषय संपला असता. सेवादासने तोंड उघडले आणि त्यातून निघाले ते असे: “साहेब, बाजारात एका दुकानात भेटते काय पाहतो.”

“जा, जा! माझी गाडी न्या.”

त्याने सायकलच घेतली. खोलीवर गेला, खिशातली आपट्याची पाने बाजूला करून टोपी काढली आणि परत आला. “भेटली,” म्हणाला. दाबून पाव फेरा फिरवला. काटाघरातले वजन हिशेबाच्या पडद्यावर उमटले. टाळ्या वाजल्या. नीळकंठरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सेवादासच्या गळ्यात घातला, आणि संचालकांनी त्याची पाठ थोपटून म्हटले, “शाबास! हुशार माणूस आहे बरं का तुमचा.” गाड्या एकामागून एक काट्यावर चढू लागल्या.

या गडबडीत धुरपताबाईला कोणी थांबवले नाही. ती उकिरड्यात ओणवीच होती. बऱ्याच वेळाने शुभदाताईंचे लक्ष गेले. त्यांनी खिडकीतून हाक मारली, “धुरपताबाई, राहू द्या आता. दुसरी मिळाली.” ती उठली, हात फेटियाला पुसले आणि हार घातलेल्या पुतण्याकडे न पाहता नळाकडे गेली. सायंकाळी संचालक जाताना सांगून गेले, झाडलोटीला उद्यापासून दुसरी बाई पाहा, मशीनच्या खोल्यांत असली माणसं नकोत. नीळकंठरावांना ते फारसे रुचले नाही. पण मुहूर्ताच्या दिवशी वाद कोण घालणार? त्यांनी होकारार्थी मान हलवली. सेवादास तिथेच होता. त्याने तार गुंडाळण्याचे काम काढले.

दिवाळीला तो तांड्यावर गेला. अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यातल्या कुमारिका दिवे घेऊन घरोघर फिरत, थोरांना शुभ चिंतीत. त्या काकीच्या दारातून पुढे गेल्यावर तो आत शिरला. फुलसिंग बाजेवर बसला होता. त्याने नेहमीप्रमाणे थट्टा केली नाही. “बेस,” म्हणजे बस, एवढेच म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

“काकी,” सेवादास म्हणाला, “टोपी माह्याच खिशात होती.”

धुरपताबाई दिव्यात तेल घालत होती. तिने ते पुरे घातले. मग म्हणाली, “टोपीचं मले काय सांगतेस? टोपी हरपते, सापडते. तू मले बाई म्हणलास.”

“सगळे म्हणतात तिथं…”

“सगळ्यायले म्या ओढ्यातून नाही नेलं.” ती खाली बसली. “तुले साहेब म्हणत राह्यली, त्याचं मले काही वाटलं नाही रे. मले वाटे, पोरगं मोठं झालं, त्याले मोठं दिसू द्यावं. म्या तुह्यासाठी खेळून राह्यलते. तू कोणासाठी खेळून राह्यलतास?”

तो तेलाचे भांडे उचलून कोनाड्यात ठेवू लागला.

“मले नको सांगू. तिथं जाऊन सांग. जिथं झालं तिथं.”

“सांगतो, काकी.”

“सांग.”

आणि तो सांगायला निघाला तो किती दिवस निघतच राहिला! हंगाम भरात होता. आज साहेब कामात आहेत, आज संचालक आले आहेत, आज शाम समोर आहे, शामपुढे कसे बोलायचे? गोदामात गाठी चढत गेल्या. नीळकंठराव एकदा कौतुकाने त्याला तिथे घेऊन गेले आणि ओरडले. आवाज खरोखरच परत आला नाही. “तुम्ही म्हणाला होता तसंच!” ते लहान पोरासारखे हसले. सेवादास हसू शकला नाही. नवी झाडणारी हंसाबाई दाराबाहेरूनच केर काढी, खोलीत पाऊल टाकायला घाबरे. ते तो रोज पाही, आणि तरी सांगणे दुसऱ्या दिवसावर ढकली.

अखेर डिसेंबरात एका सकाळी चहाच्या वेळी, नीळकंठराव, शुभदाताई आणि शाम असे तिघेही हिशेबाच्या खोलीत असताना, तो उभा राहिला. हातातला पेला त्याने खाली ठेवला नाही.

“साहेब, मुहूर्ताच्या दिवशीची टोपी म्या बाजारातून नव्हती आणली. ती माह्या शर्टात होती. पूजेले म्याच काढली होती.” आणि मग, कोणी काही बोलायच्या आत: “अन् धुरपताबाई माही काकी हाय. सख्खी. तिनंच मले या कामाचं सांगितलं होतं. पेपरात काही नव्हतं.”

शाम खिडकीबाहेर पाहू लागला. शुभदाताई हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे ती कचरा चाळत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“चाळून राह्यली होती तवाच आठवलं.”

“मग काहून नाही सांगितलं हो?”

तो पेल्यातल्या चहाकडे पाहू लागला. नीळकंठरावांनी चष्मा काढून पुसला. ते रागावतील अशी सेवादासची अपेक्षा होती, काहीशी इच्छाही होती. ते म्हणाले, “अहो, मग बोलावून घ्या ना तिला. संचालकांचं मी बघतो. एवढंच ना?”

एवढेच होते. जे ऐकण्यासाठी त्याने इतके दिवस छातीवर धोंडा वागवला, ते एका वाक्यात झाले. मुहूर्ताच्या दिवशीही ते एका वाक्यात झाले असते. त्याची मान वर होईना.

दुपारी तो सायकलीवर तांड्याला गेला. काकीच्या दाराला कुलूप होते. शेजारची जमनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

“काकी कुठं गेली?”

“मुकादमाच्या ट्रकात. ऊस तोडाले. फुलसिंगकाकाही गेला. इथं बसून काय खातीन?” जमनीने एक शेंग दाताने फोडली. “काहून? साहेबाचं आंगण झाडाले कोणी नाही काय?”

तांड्यातली कितीतरी माणसे दर दिवाळीनंतर पश्चिमेकडे ऊसतोडीला जात. धुरपताबाई त्याआधी कधी गेली नव्हती. आवारातल्या कामामुळे तिला जावे लागले नव्हते.

ती वैशाखात परतली. सेवादास त्याच संध्याकाळी भेटायला गेला. तिच्या हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे होते आणि दंडावरच्या बांगड्यांपैकी निम्म्या उतरलेल्या होत्या. त्या घालून कोयता चालत नाही.

“सांगितलं, काकी.”

“कोणापुढं?”

“साहेबापुढं. शुभदाताई होत्या, शाम होता. साहेब म्हणतात, ये.”

“अन् गाडीवाल्यायपुढं?”

तो दाराबाहेर पाहू लागला.

“आपलेच होते ते,” ती म्हणाली. “मान खाली घालून उभे होते. त्यायले अजून वाटते का म्या घेतली.” मग तिने चुलीवरचा तवा उतरवला आणि भाकर त्याच्यापुढे ठेवली. “जेव सेवा. मले नाही येता येत आता. मुकादमाले शब्द देला पुढल्या सालाचा.”

त्या गाडीवाल्यांपुढे सांगायचे त्याने ठरवले होते. येत्या मुहूर्ताला, नारळ फुटण्याआधी, काट्यावर उभे राहून. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण पुढच्या दसऱ्यापर्यंत पुष्कळांनी आपला कापूस रस्त्यावरच्या खाजगी व्यापाऱ्यांना देऊन टाकला. आवारात मुहूर्त झाला, नारळ फुटला. गाड्या मोजक्याच आल्या आणि त्यांत तांड्याची एकही नव्हती. सेवादास काटाघराच्या दारात उभा राहिला, आणि कोणासमोर बोलावे असे कोणी समोर नव्हते. नंतर तो तांड्यात घरोघर गेला. लोकांनी ऐकून घेतले. “होते असं,” म्हणाले, आणि चहा टाकला. एका म्हाताऱ्याने विचारले, “तवा काहून नाही बोलला बे?” शुभदाताईंनी विचारले होते तेच, आणि या वेळीही तो पेल्यात पाहत राहिला.

धुरपताबाई त्यानंतरही दर हंगामाला ऊसतोडीला जात राहिली. मार्च २०१० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर मोळी चढवताना तिचा उजवा खांदा निखळला आणि तेव्हापासून ती तांड्यावरच असते.